कारण लिहून द्या

चेक परत करायचा तर बँकेला कारण लिहून द्यावं लागतं. आमच्या वेळी छापील मेमो असायचा. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, अक्षरी रक्कम वेगळी आणि अंकी वेगळी, चेकची मुदत उलटली, खातेदारानं पेमेंट थांबवलंय, अशी कारणं एकाखाली एक. लागू असेल त्यापुढे खूण करायची, खाली सही ठोकायची आणि मेमो चेकला टाचून क्लिअरिंगमध्ये परत पाठवायचा. वडोदऱ्यातल्या शाखांमध्येच माझी नोकरी झाली, आणि त्यातला बराच काळ ह्या मेमोंवर सह्या करण्यात गेला. यादीत एक मोघम कारणही असे: 'रेफर टू ड्रॉअर', म्हणजे ज्यानं चेक दिला त्यालाच जाऊन विचारा. ज्याला भांडण नको त्या बाबूचं हे लाडकं कारण. पण तेसुद्धा कागदावर असायचं आणि त्याखाली एका जित्याजागत्या माणसाची सही असायची. चिडलेला दुकानदार तो कागद नाचवत काउंटरवर येई आणि विचारी, ही सही कुणाची?

चेकच्या कायद्यातलं कलम १३८ आज पानवाल्यालाही पाठ आहे. चेक बाउन्स झाला की देणाऱ्यावर केस. त्याच १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधलं कलम ३१ मात्र बँकेतल्या लोकांनाही परीक्षेपुरतंच आठवतं. ते सांगतं की खात्यात पुरेसे पैसे आहेत, चेक रीतसर सादर झालाय, तर बँकेनं तो वटवलाच पाहिजे, आणि न वटवल्यामुळे खातेदाराचं जे नुकसान होईल ते बँकेनं भरून दिलं पाहिजे. बँकवाल्यांच्या सीएआयआयबी परीक्षेचा अभ्यास करताना ह्या संदर्भात एक जुना इंग्रजी खटला आम्ही घोकला होता, मार्झेट्टी विरुद्ध विल्यम्स, साल १८३०. व्यापाऱ्याच्या खात्यात सकाळी रक्कम जमा झालेली, तरी दुपारी त्याचा चेक परत गेला. दुसऱ्या दिवशी बँकेनं तो वटवलाही. तोटा काही झाला नव्हता, तरी कोर्टानं नाममात्र का होईना, भरपाई द्यायला लावली. व्यापाऱ्याचा चेक विनाकारण परत गेला म्हणजे बाजारात त्याच्या नावाला बट्टा लागला, हे न्यायाधीशांना वेगळं पटवावं लागलं नाही.

हे सगळं पुन्हा डोक्यात यायचं कारण माझी भाची. ती इथल्याच फाइन आर्ट्समधून शिकली. कोळशाची स्केचेस करते, एचिंग करते, आणि त्याचे प्रिंट स्वतःच्या वेबसाइटवर विकते. बहुतेक गिऱ्हाईक पुण्या-बंगळूरचं, थोडं परदेशातलं. एके दिवशी पेमेंट गेटवेवाल्या, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन विकणाऱ्याकडे पोचवणाऱ्या, कंपनीचा मेल आला: तुमचा व्यवसाय आमच्या स्वीकारार्ह वापराच्या धोरणात बसत नाही, खातं बंद करत आहोत, आधीच्या विक्रीचं सेटलमेंट, म्हणजे तुम्हाला द्यायचे पैसे, होल्डवर ठेवलं आहे, हा निर्णय अंतिम आहे. खाली सही नाही. जिथून मेल आला त्या पत्त्यावर उत्तर पाठवता येत नव्हतं.

"मामा, तू इतकी वर्षं बँकेत काढलीस, आता मला सांग, मी भेटू कुणाला?"

ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आमचा अंदाज असा की तिच्या प्रिंटमध्ये काही नग्न आकृती आहेत, न्यूड स्टडीज, त्या कुणाच्या तरी, किंवा कुठल्या तरी यंत्राच्या, डोळ्यांवर आल्या असाव्यात. पण हा आमचा अंदाज. कंपनीनं तेवढंही सांगितलेलं नाही.

आता कायद्याचं बघा. अश्लीलतेचं कलम पूर्वी दंडसंहितेत २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९४ झालं. कलेसाठी, विद्येसाठी सवलत दोन्हीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सांगितलं की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, एकूण संदर्भ आणि आजच्या समाजाची नजर बघावी लागते. मुंबईत कस्टम्सनं फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं अश्लील ठरवून अडवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला आणि कस्टम्स अधिकाऱ्यांना चांगलंच सुनावलं. म्हणजे परदेशातून येणारं सूझाचं चित्र कस्टम्समध्ये अडवलं तर सरकारी अधिकाऱ्याला कोर्टात जाऊन जाब द्यावा लागतो. माझ्या भाचीचा प्रिंट अडवणाऱ्याला मात्र कुठंच जावं लागत नाही.

वडोदऱ्याच्या माणसाला ह्यात एक जुनी कळ आहे. मे २००७ मध्ये फाइन आर्ट्स फॅकल्टीत एका विद्यार्थ्यानं परीक्षेसाठी मांडलेल्या कामावरून बाहेरची माणसं आत घुसली. विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या प्रभारी डीनला निलंबित केलं गेलं. लाजिरवाणा प्रकार होता. १९५० साली सुरू झालेली, चित्रकार बेंद्रे आणि शिल्पकार शंखो चौधरी यांच्यासारख्यांनी उभी केलेली ती फॅकल्टी. तिच्या अंगणात हे घडावं! पण तेव्हा निदान सगळं उघड्यावर होतं. कुणी तक्रार केली, कुठलं कलम लावलं, जामीन कधी झाला, हे सगळ्यांना कळत होतं. देशभरातले चित्रकार निषेध करत होते, कारण निषेध कुणाचा करायचा ते माहीत होतं. आता घुसखोरी करायचीही गरज उरलेली नाही.

गेटवेवाले दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. त्या साखळीत मी बसलेलो नसलो तरी तिच्या शेजारच्या टेबलावर बसलेलो आहे. गिऱ्हाईक कार्ड चालवतं, ते गेटवेकडे जातं, गेटवेमागे व्यापाऱ्याची बँक असते, तिच्यामागे कार्डाचं नेटवर्क, त्यापलीकडे गिऱ्हाइकाची बँक. प्रत्येक व्यापाऱ्याला धंद्यानुसार चार आकडी कोड दिलेला असतो. गिऱ्हाइकांनी पैसे परत मागायला सुरुवात केली, म्हणजे चार्जबॅक वाढले, की दंड व्यापाऱ्याच्या बँकेला. तिनं तो गेटवेवर ढकलायचा. अशा वेळी शेकड्यात एखाद्या संशयास्पद दुकानामुळे डोकेदुखी नको म्हणून त्या जातीची सगळीच दुकानं बंद करून टाकणं सगळ्यात स्वस्त. जो बंद झाला त्याच्या कमिशनचं नुकसान चिल्लर, आणि जो चालू ठेवला त्याचा धोका मोठा. हिशेब इतका साधा आहे की मीही त्या खुर्चीत असतो तर तोच केला असता.

पण ह्या साध्या हिशेबातून केवढी सत्ता तयार होते! डिसेंबर २०१० मध्ये सरकारी गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्सला देणग्या मिळण्याचे रस्ते व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांनी थोड्याच दिवसांच्या अंतरानं बंद केले. तोवर कुठल्याही न्यायालयात त्या संस्थेवर दोष सिद्ध झाला नव्हता. मला त्या संस्थेबद्दल फारसं प्रेम नाही, पण पुढं आइसलँडमध्ये जे झालं ते प्रत्येक बँकवाल्यानं वाचावं. देणग्या घेणारी डेटासेल ही कंपनी व्हिसाच्या तिथल्या भागीदाराविरुद्ध, व्हॅलिटॉरविरुद्ध, कोर्टात गेली. म्हणणं एवढंच की तुम्ही आमच्याशी करार केला होता, तो मोडायला कारण काय? एप्रिल २०१३ मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयानं रस्ता पुन्हा उघडायचा हुकूम दिला, आणि न उघडल्यास दिवसाला आठ लाख क्रोनांचा दंड. भाषणस्वातंत्र्याच्या मोठमोठ्या गप्पा करून जे झालं नाही ते साध्या कराराच्या कायद्यानं करून दाखवलं.

जुलै २०२५ मधली गोष्ट तर टोलवाटोलवीचा उत्तम नमुना. ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं प्रौढांसाठीच्या काही व्हिडिओ गेमविरुद्ध मोहीम काढली आणि पत्रं थेट पैशाच्या कंपन्यांना लिहिली. गेम विकणाऱ्या स्टीम ह्या साइटनं काही गेम विक्रीतून काढून टाकले, तसल्याच इच डॉट आयओनं हजारो गेम शोधयादीतून उडवले. त्यांत लैंगिकतेविषयी गंभीरपणे काही सांगू पाहणारेही भरडले गेले. आरडाओरडा झाल्यावर मास्टरकार्ड म्हणालं, आम्ही एकही गेम तपासलेला नाही, कायदेशीर खरेदीला आमची ना नाही. स्टीमची कंपनी म्हणाली, मास्टरकार्ड आमच्याशी बोललंच नाही. बोलले ते मधले प्रोसेसर आणि बँका, आणि त्यांनी बोट दाखवलं मास्टरकार्डच्याच नियमाकडे, ज्यात ब्रँडला बट्टा लावणारे व्यवहार नकोत असं लिहिलेलं आहे. तिघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं, आणि तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते!

उलटी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर २०२० मध्ये पोर्नहबवर अल्पवयीन मुलांचे आणि संमतीविना टाकलेले व्हिडिओ असल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. व्हिसा-मास्टरकार्डनं हात काढून घेतल्यावर त्या साइटनं थोड्याच दिवसांत लाखो व्हिडिओ उतरवले. जे काम पोलिसांना आणि कोर्टांना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते पैशाची नळी आवळल्याबरोबर झालं. तेव्हा मला बरं वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. मात्र तिथं जे अडवलं गेलं ते मुळातच गुन्हा होतं. आवळायला हात कुणाचा आणि कशासाठी, एवढाच प्रश्न.

अमेरिकेत ह्यावर कायदा करायची खटपट चालू आहे. 'फेअर ॲक्सेस टू बँकिंग ॲक्ट' नावाचं विधेयक तिथं पुन्हा पुन्हा मांडलं गेलंय, २०२५ मध्येही दोन्ही सभागृहांत आलं. मोठ्या बँकांनी आणि कार्ड नेटवर्कांनी कायदा पाळणाऱ्या माणसाला राजकीय कारणानं किंवा 'आमच्या प्रतिमेला धोका' ह्या कारणानं नाकारू नये. नाकारायचं तर आधी ठरवलेल्या, मोजता येणाऱ्या धोक्याच्या कसोटीवर नाकारावं, असा त्याचा गाभा. ते पुढं रेटणारे मुख्यतः रिपब्लिकन, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बंदुकीचे कारखानदार आणि तेलकंपन्या. गेम बनवणारी पोरं आणि बंदूकवाले एका रांगेत उभे राहतात तेव्हा दोघांनाही जरा अवघडल्यासारखं होत असेल. पण बंदूकवाल्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. २०१३ च्या सुमारास अमेरिकी न्यायखात्यानंच 'ऑपरेशन चोक पॉइंट' चालवून, जे धंदे बेकायदा नव्हते पण सरकारला नावडते होते, त्यांच्या बँकांवर दबाव आणला होता. सरकारला बंदी घालता येत नाही तिथं बँकेच्या कानात कुजबुजता येतं.

हे अमेरिकेत चालतं असं समजून कुणी सुस्कारा टाकू नये. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. क्रिप्टोची खरेदी-विक्री देशात गुन्हा नव्हती. फक्त बँक नाही, म्हणजे धंदा नाही. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं परिपत्रक रद्द केलं. अधिकार आहे, पण उपाय अपायापेक्षा मोठा झाला, असा निकालाचा सूर. गंमत नंतरची आहे. बँका त्याच मेलेल्या परिपत्रकाचा हवाला देऊन गिऱ्हाइकांना घाबरवत राहिल्या, इतक्या की ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं, बाबांनो, ते रद्द झालंय, त्याचं नाव घेऊ नका. आणि एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस ह्या अमेरिकी क्रिप्टो एक्सचेंजनं इथं यूपीआयवर सुरुवात केली त्याच दिवशी यूपीआय चालवणारं एनपीसीआय म्हणालं, यूपीआय वापरणारं कुठलंही क्रिप्टो एक्सचेंज आम्हाला ठाऊक नाही. काही दिवसांत तो पर्याय बंद. कंपनीच्या प्रमुखानं पुढं जाहीरपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेकडून अनौपचारिक दबाव होता. मी क्रिप्टोत एक पैसा घातलेला नाही, घालणारही नाही. पण सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला माणूस काउंटरवर हरतो, हे पाहून बँकवाल्याला लाज वाटायला हवी.

भाचीला मी म्हटलं, लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना चांगली आहे: तक्रार फुकट, वकील नको. कंपनीला आधी लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे. मग मी स्वतः योजना उघडून बसलो. कुठल्या तक्रारी चालणार नाहीत त्या यादीत अगदी वर लिहिलंय: संस्थेचा व्यापारी निर्णय. सेटलमेंट उशिरा आलं तर भांडता येईल. 'तुमच्याशी धंदाच करायचा नाही' हा मात्र व्यापारी निर्णय, आणि त्या दारात लोकपाल उभा राहत नाही. कलम ३१ चेकपुरतं. यूपीआय आणि कार्डाच्या जगात बँकेवर, गेटवेवर तसं कर्तव्य टाकणारं कलमच नाही. वीज घ्या. २००३ च्या वीज कायद्यात कलम ४३ आहे; घरमालकानं अर्ज केला की वितरण कंपनीनं महिन्याभरात जोडणी दिली पाहिजे. घरात न्यूड स्केचेस टांगली आहेत का, हे मीटर लावणारा विचारत नाही.

बँकवाले एक खरं कारण सांगतील, आणि ते मी आधीच सांगून टाकतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांत, संशयास्पद व्यवहाराची खबर वर दिली असेल तर ती गिऱ्हाइकाला कळू द्यायची नाही. चोराला सावध करायचं नाही, बरोबरच आहे. पण ह्या एका नियमाच्या आडोशाला आता प्रत्येक नकार जाऊन बसलाय. ज्याच्याबद्दल कसलाही संशय नाही, फक्त चित्रं खपायला जरा अडचणीची वाटतात, त्यालाही तेच मौन. ज्यांच्या खात्यावर कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून लीन लागतं, म्हणजे पैसे अडकवून ठेवले जातात, त्या खमणवाल्यांची, रिक्षावाल्यांची रड आणखी वेगळी, पण तिथं निदान २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की वादातल्या रकमेपुरतंच रोखा, सगळं खातं नाही.

ह्या शहराला पैसेवाल्यांचा नकार नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा काढली त्याआधी इथं पेढ्यांचं राज्य होतं. हरिभक्ती, सामळ बेचर हे गायकवाड सरकारचे पोतदार, म्हणजे सरकारी पैसा सांभाळणारे सावकार. खुद्द दरबार त्यांच्या कर्जावर चाले. नावलौकिक बघूनच व्यवहार करायचा ही रीतही त्यांचीच. हुंडी म्हणजे त्या काळचा चेकच. त्यातल्या शहाजोग हुंडीचे पैसे कुणालाही मिळत नसत, बाजारातल्या प्रतिष्ठित शहाच्या हातूनच ती वटायची. मात्र तो शहा त्याच गल्लीत बसलेला, आणि हुंडी खोटी निघाली तर पैसे परत करायची जबाबदारी त्याच्यावर. शिवाय हुंडी नाकारली जाईल ह्याची तजवीज आधीच केलेली असे. बरोबर जिकरी चिठ्ठी द्यायचे, गावातल्या दुसऱ्या एखाद्या सावकाराच्या नावे: पहिल्यानं नाकारलं तर तुम्ही सांभाळून घ्या. गेटवेच्या जगात अशी चिठ्ठी चालत नाही, कारण दुसरा सावकारही त्याच दोन नेटवर्कांची नियमावली उघडून बसलेला असतो.

कायदा करायला बसलं की पहिली अडचण खुद्द गुजरातेतच उभी राहते. कायदेशीर म्हणजे कुठं कायदेशीर? १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९६० नंतर दोन्ही राज्यांकडे आला. मुंबईत त्याच्याखाली वाइन शॉप चालतं, वडोदऱ्यात परमिटशिवाय बाटली सापडली तर कोठडी. मग दादरच्या दुकानाला पैसे देणारं वडोदऱ्याचं कार्ड अडवायचं का? माझ्या मते नाही. बाटली इथं आणली तर पोलीस आहेत, पैशाच्या कंपनीनं पोलीस व्हायचं कारण नाही. भाचीला हे पटतं. आमचं बिनसतं ते पुढं.

माझं म्हणणं, व्यवहार अडवायचा हक्क पूर्णपणे काढून घेऊ नये. फसवणूक असते, चार्जबॅक असतात, कुणाशी धंदा करायचा ह्याचं थोडं स्वातंत्र्य लहान कंपनीलाही हवं. फक्त कारण लेखी द्यावं, नियमाचा आकडा घालून, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी. 'प्रतिमेला धोका' हे कारण चालू नये. आणि लोकपालाच्या योजनेतला तो व्यापारी निर्णयाचा अपवाद अशा नकारांपुरता उचलावा. ती हसते. "कारण कळून मी काय करू, मामा? फ्रेम करून लावू? मला पैसे हवेत." मी तिला आइसलँड सांगतो: कारण कागदावर आलं की ते कोर्टात टिकतं का ते बघता येतं, कागदच नसेल तर वकील तरी काय उघडणार? ती म्हणते, आइसलँडला जायला विमानाचे पैसेही ह्याच गेटवेतून येणार ना.

सध्या तिचं भारतातलं गिऱ्हाईक यूपीआयनं पैसे देतं आणि परदेशातलं सरळ बँकेत पाठवतं. शुल्क जास्त पडतं, काही लोक फॉर्म बघूनच माघार घेतात. अडकलेलं सेटलमेंट शेवटी आलं, पुन्हा कारण न देताच. त्यावर मी वहीत कायद्याचा एक कच्चा मसुदा खरडला होता, निवृत्त माणसाला वेळ असतोच. तिनं तो वाचून त्यात एक ओळ घातली: रोखून धरलेल्या पैशावर रोखलेल्या दिवसांचं व्याज. ओळ मी तशीच ठेवली आहे. दर किती, यावर आमचं अजून जमलेलं नाही. मी बचत खात्याचा म्हणतो. ती म्हणते, क्रेडिट कार्डवाले आपल्याकडून घेतात तो.